सासऱ्यानं आवळलेले नट

लहानूनं जावयाच्या थोबाडीत मारली ती दवाखान्याच्या पायरीवर, भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत. आवाज असा आला की बाकड्यावर टेकलेली एक म्हातारी दचकून उभी राहिली. वाल्मीक मात्र जागचा हलला नाही. त्यानं गालावर हात ठेवला नाही की मान वर केली नाही. त्याच्या सदऱ्याला बायकोच्या, कलावतीच्या, कपाळाचं रक्त लागलं होतं, ते आता वाळून काळं पडलं होतं.

"गाडी सांभाळता येत न्हाय तर घेतलीस कशाला?" लहानू म्हणाला. लग्न झाल्यापासून तो जावयाला अहो-जाहोच करत आला होता. आज पहिल्यांदा अरे-तुरेवर आला आणि त्याचं त्यालाही भान नव्हतं.

"चुकलं, मामा," वाल्मीक म्हणाला.

एवढंच. कसं झालं, काय झालं, काही नाही. आत कलावतीच्या हाताला प्लास्टर चाललं होतं. ती याच दवाखान्यात नर्स. सकाळी ड्युटीवर यायची ती बाई स्ट्रेचरवर आली, तेव्हा तिच्या सोबतच्या सिस्टरच रडायला लागल्या होत्या. डावा हात मोडला होता, गळ्याखालचं हाड मोडलं होतं, कपाळाला टाके पडले होते. पडघ्याहून भिवंडीला येताना वाल्मीकनं ब्रेक मारला आणि मारुती व्हॅनचं पुढचं डावं चाक गाडीला सोडून एकटंच रस्त्यानं पुढे पळालं. गाडी तोंडावर पडली आणि घासत जाऊन बांधावर आदळली. कलावती त्याच बाजूला बसली होती.

आता चाक निघाल्याचं ऐकून दुसरा कुणी घाबरला असता, रडला असता. लहानूच्या मात्र डोक्यात तिडीक गेली, आणि त्याला कारणही होतं. माणूस पडघ्याच्या नाक्यावरचा टायरवाला. नाशिककडे जाणारे ट्रक त्याच्याकडे थांबायचे ते पंक्चर काढायला तर थांबायचेच, पण नुसते नट आवळून घ्यायलाही थांबायचे. लहानूचा हात लागला की घाट पार होईपर्यंत चाकाकडे बघायला नको, असं ड्रायव्हर लोक म्हणायचे. त्याची पद्धतही ठरलेली. पान्याच्या दांड्यावर हातभर लांब पाइप चढवायचा, पाइपावर पाय देऊन उभं राहायचं, आणि सगळं वजन टाकून झोके घ्यायचे. नट कुईं करून ओरडला पाहिजे. तो ओरडल्याशिवाय लहानू खाली उतरायचा नाही.

ऐन तारुण्यात त्यानं कसाऱ्याच्या खाली एक प्रकार डोळ्यांनी पाहिला होता. ट्रकचं ढिलं राहिलेलं चाक सुटलं आणि रस्त्याकडेला करवंदं विकत बसलेल्या बाईच्या अंगावरून गेलं. करवंदं कुठली आणि रक्त कुठलं ते कळत नव्हतं. तेव्हापासून या माणसाला जगात साप चालायचा, विंचू चालायचा, पण ढिला नट चालायचा नाही.

वाल्मीकनं जुनी व्हॅन विकत घेतली आणि आपल्या कोन गावाहून भिवंडीला दवाखान्यातल्या बायकांची ने-आण सुरू केली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद लहानूला झाला. नवराबायको रविवारी पडघ्याला यायचे, सोमवारी सकाळी तिथूनच थेट ड्युटीवर जायचे. निघताना लहानूची बायको द्रौपदी लेकीच्या पिशवीत तांदळाचं पीठ आणि सुकट भरायची. आणि लहानू पाइप घेऊन गाडीभोवती फिरायचा. चारही चाकांचे नट, एकामागून एक, ओरडेपर्यंत. मारुतीचे नट ते केवढे, ट्रकच्या नटापुढे चिंचोक्याएवढे. पण लहानूनं त्यांनाही सोडलं नाही. "माझ्याकडं सोनं न्हाय नाणं न्हाय," तो म्हणायचा, "पन माझी पोर ज्या गाडीत बसंल तिचं चाक जागचं हलनार न्हाय."

एकदा वाल्मीक म्हणाला होता, "मामा, राहू द्या, मी घरी बघतो." झालं. लहानू असा रुसला की त्या दिवशी जेवला नाही. द्रौपदीनं जावयाला पडवीत बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "करू द्या त्यांना. जीव हाय त्यांचा त्यात." त्यानंतर वाल्मीक काही बोलला नाही.

पुढे काही महिन्यांनी गाडीला ती खोड लागली. ब्रेकवर पाय दिला की पायाखाली पेडल थरथरायचं, मग स्टिअरिंग नाचायचं, मग पुढची काच खडखडायची. लहानू एकदा बाजाराला म्हणून गाडीत पुढे बसला होता, त्यानं ते पाहिलं. चाकं ढिली हायत, दुसरं काय? त्यानं भर रस्त्यातून गाडी परत फिरवायला लावली, दुकानात आणली, आणि नेहमीपेक्षा दुप्पट झोके घेऊन नट आवळले. तरी पुढच्या रविवारी तेच. मग त्याला वाटायला लागलं की जावई गाडी खड्ड्यातून पिटाळतो, माणसं कोंबतो, मिस्त्रीला दाखवतो म्हणतो ते खोटं बोलतो. जितकी गाडी थरथरायची तितका तो जोर लावायचा. आणि तोंडानं जावयाला सांगत राहायचा, लक्ष द्या, लक्ष द्या.

म्हणून ती थप्पड.

दवाखान्यातून त्यानं लेकीला सरळ पडघ्याला आणलं. "गाडी इकल्याबिगर आणि दुसरी नोकरी धरल्याबिगर माझी पोर कोनला येनार न्हाय," हे त्यानं वाल्मीकच्या थोरल्या भावाला, सोमाला, निरोप धाडून कळवलं. खरं तर कलावतीला बापाच्या सांगण्याची गरज नव्हती. तिनं खाटेवर पडल्या पडल्या नवऱ्याला विचारलं होतं, "तुम्ही ब्रेकचं काम करून घेतलं होतं ना? मग चाक कसं निघालं?" आणि वाल्मीकनं नजर चुकवून म्हटलं होतं, "माहीत नाही." नर्स बाई ती, रोज दहा रोग्यांची थापेबाजी ओळखणारी. नवरा काहीतरी लपवतोय हे तिला तिथल्या तिथं कळलं. दोन-तीनदा तो पडघ्याला येऊन गेला, तेव्हा तिनं भिंतीकडे तोंड केलं.

सोमानं उलट निरोप पाठवला की रविवारी आम्ही आईला घेऊन येतो, बसून बोलू. बसून बोलायचं म्हणजे पुरावा पाहिजे. लहानूनं ठरवलं की आदल्या दिवशी भिवंडीला जाऊन गाडी बघायची, मिस्त्रीच्या तोंडून ऐकायचं की जावयानं गाडीची कशी वाट लावली, आणि ते चार माणसांत सोमाच्या पुढ्यात टाकायचं.

शफीक मिस्त्रीचं गॅरेज लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटात होतं. व्हॅन ओंडक्यांवर उभी होती. लहानूनं आपण कोण ते सांगितलं नाही. "ही गाडी बघायची हाय," एवढंच म्हणाला. शफीकला वाटलं गिऱ्हाईक आलं.

"गाडी चांगली आहे, चाचा," तो म्हणाला. "इंजिन साफ आहे. पत्रा मी ठोकून देतो. मालिक सीधा आदमी, बिचारा गाडीला जिवापाड जपतो."

"जपतो तर चाक कसं निघालं?"

शफीकनं त्याला उघड्या डाव्या बाजूला बसवलं. चाक जिथं लागतं तिथले चारही स्टड, म्हणजे ज्यांच्यावर नट फिरतात ते लोखंडी खुंटे, तुटलेले होते. एकाच्या तुटल्या तोंडावर गंज होता, बाकीचे चकचकीत. शफीक म्हणाला, "हा आधीच तुटलेला, नट नुसता अडकून राहिलेला. बाकीचे त्या दिवशी एका दमात गेले. बघा, गळा कसा ताणलाय." लहानूनं बोट फिरवलं. आयुष्य लोखंडात गेलेलं, त्याला सांगावं लागलं नाही. स्टड ओढून ओढून बारीक झाला होता.

"आता दुसरी बाजू बघा," म्हणत शफीक उजव्या चाकाशी गेला. पाना लावला, जोर केला, नट हलेना. पाइप चढवला, तरी हलेना. मग तो पाइपावर लोंबकळला आणि कट्ट झालं. नट सुटला नव्हता, स्टडच तुटून नटासकट खाली पडला होता.

लहानू चिडला. टायरवाल्याच्या जातीचा राग होता तो, वाईट काम बघून येणारा. "कोन गाढवानं आवळलाय हा?"

शफीक हसला. "पडघा नाक्यावर एक टायरवाला आहे. या मालिकचा ससुर. ट्रकवर हात बसलेला. दर रविवारी पाइप लावून त्यावर नाचतो म्हणे."

लहानूच्या हातात तो तुटका तुकडा होता. तो तसाच धरून राहिला. बाहेर लूमचा आवाज चालू होता आणि शफीक पुढे काय बोलला ते त्याला क्षणभर ऐकूच आलं नाही.

"...ट्रकचं वेगळं, चाचा. याच्या चाकामागे ही पातळ डिस्क असते, ब्रेक हिलाच पकडतो. एका बाजूनं दाबून आवळत गेलं की ही वाकडी होते. परातीच्या एका काठावर पाय दिला तर परात सपाट राहील का? मग ब्रेक मारला की थरथर. तो थरथर बघून आणखी आवळतो, ती आणखी वाकडी. दोन वेळा डिस्क घासून दिली मी, पॅड बदलले. सोमवारी नीट करून द्यायचो, पुढच्या सोमवारी परत तेच." त्यानं आपला आखूड पाना उचलून दाखवला. "एक नट, मग त्याच्या समोरचा. थोडं थोडं. जॅक उतरवून मग शेवटचा हात. पाय लावायचाच नाही. हात पुरतो."

लहानू जवळच्या टायरवर बसला. त्यानं विचारलं, "त्या टायरवाल्याला कुनी सांगितलं न्हाय?"

"मी किती वेळा बोललो, बोल दे ना ससुर को. तो ऐकत नाही. दर सोमवारी बायकोला ड्युटीवर सोडायचा आणि इथं यायचा, म्हणायचा, उस्ताद, ढिले करून परत नीट कस. म्हणायचा, लडकी के बाप का यही देना है, कैसे ना बोलूं? स्टड बदलून घे म्हणून सांगितलं होतं, तेवढं राहिलं." शफीकनं हात पुसले. "मग, घ्यायचीय का गाडी?"

"इचार करून सांगतो," लहानू म्हणाला आणि उठला.

एसटी स्टँडवर त्याच्यासमोरून पडघ्याची गाडी लागली, भरली आणि गेली, तरी तो बाकड्यावर बसूनच होता. खुंट्याचा तुकडा खिशात होता. पोरीचा हात आपण मोडला, ही एक गोष्ट. ती गिळता येत नव्हती, पण समजत तरी होती. दुसरी गोष्ट समजतच नव्हती. आपण त्या माणसाला चारचौघांत मारलं, आणि मार खाताना त्याला सगळं ठाऊक होतं. रक्तानं भरलेला सदरा घालून तो म्हणाला, चुकलं, मामा. लहानूला आपल्या उजव्या तळहाताची किळस आली. त्यानं तो धोतराला पुसला, परत पुसला.

घरी त्यानं द्रौपदीला काही सांगितलं नाही. भात गिळवला नाही, झोप लागली नाही.

रविवारी सोमा आला, त्याची आई जाईबाई आली, मागून वाल्मीक. जयभीम झाला, पाणी झालं, चहा झाला. कलावती दाराशी खुर्चीवर बसली होती, हात गळ्यात. ती नवऱ्याकडे बघत नव्हती.

सोमानंच सुरुवात केली. "लहानूमामा, तुमचा राग बरोबर हाय. आमच्या पोराची चूक. गाडी आम्ही इकतो. लूमवर मेहत्याची, हिशेब लिहायची जागा हाय, तिथं लावतो त्याला. पोरीला पाठवा."

"माझंच चुकलं, मामा," वाल्मीक म्हणाला. "परत होणार नाही."

जाईबाईनं पदर डोळ्याला लावला. द्रौपदीनं नवऱ्याकडे पाहिलं, तिचे डोळे म्हणत होते, घ्या आता मिटवून. आणि खोटं कशाला सांगायचं, लहानूच्याही मनात ते आलं. नुसती मान हलवायची होती. पोर सासरी गेली असती, जावई लूमवर गेला असता, शफीकला तो कोण हे कधी कळलं नसतं, आणि नाक्यावर लहानूचा हात लहानूचाच हात राहिला असता. त्यानं मान हलवायला म्हणून वर केली आणि त्याला समोर वाल्मीकचा गाल दिसला.

"चूक त्याची न्हाय," तो म्हणाला. "माझी हाय. मी आवळून आवळून चाक मोडलं. ब्रेक बी माझ्याच हातानं बिघडला. मी काल मिस्त्रीकडं जाऊन आलो." खिशातला तुकडा काढून त्यानं चटईवर ठेवला. "ह्यानं दर सोमवारी गुपचूप जाऊन माझं काम निस्तारलं. मला बोलला न्हाय. मार खाल्ला तरी बोलला न्हाय. वाल्मीकराव, मी तुमच्या पाया पडायला पायजे."

सोमा एकदा भावाकडे, एकदा लहानूकडे बघत राहिला. वाल्मीक तटकन उठला आणि त्यानं सासऱ्याचे पुढे आलेले हात धरले, "मामा, काय करता, मामा." दोघेही रडायला लागले. मग जाईबाई रडली, द्रौपदी रडली, सोमानंही नाक पुसलं. "असा जावई मिळायला भाग्य लागतं," द्रौपदी म्हणाली. "असा सासरा तरी कुठं असतो," जाईबाई म्हणाली. सगळं छान मिटलं असं प्रत्येकाला वाटलं, आणि द्रौपदी परत चहा टाकायला उठलीसुद्धा.

"थांब, आई," कलावती म्हणाली.

तिचा आवाज चढलेला नव्हता, पण द्रौपदी जागच्या जागी थांबली.

"दर सोमवारी?" कलावतीनं नवऱ्याला विचारलं. "मला दवाखान्यात सोडून मग तुम्ही गॅरेजला जायचात?"

"हो. तुला टेन्शन नको म्हणून."

"म्हणजे पडघ्यापासून भिवंडीपर्यंत नट तसेच असायचे. बाबांनी आवळलेले. तुम्हाला माहीत असायचं, आणि मी शेजारी बसलेली असायची. डबा मांडीवर घेऊन."

हे वाल्मीकच्या मनात कधी आलंच नव्हतं, ते त्याच्या चेहऱ्यावर सगळ्यांना दिसलं. त्यानं सासऱ्याचे धरलेले हात सोडले.

"बाबांना वाईट वाटेल म्हणून तुम्ही गप्प," कलावती म्हणाली. "ते रुसतील म्हणून आई गप्प. आणि बाबा, तुम्ही. त्यांनी एकदा राहू द्या म्हटलं तर तुम्ही जेवला नाहीत. सगळ्यांनी एकमेकांचा मान राखला. माझा हात मोडला."

"आता झालं ना गं," सोमा समजुतीनं म्हणाला. "आता कळलं सगळ्यांना."

"नाही कळलं. अजून कुणी बोललेलंच नाही." ती वाल्मीककडे वळली. "सांगा बाबांना."

"काय सांगू? त्यांना कळलंय की."

"त्यांना मिस्त्रीनं सांगितलंय. तुम्ही सांगा. जे तेव्हा सांगायला पाहिजे होतं ते. माझ्यासमोर, त्यांच्या तोंडावर."

वाल्मीक उभाच होता. ज्या माणसानं चारचौघांत थप्पड खाऊन डोळ्याला पाणी आणलं नव्हतं, तो आता आधार शोधायला लागला. त्यानं एकदा आईकडे पाहिलं, एकदा भावाकडे. लहानू वर मान करून त्याच्यासमोर बसला होता, आणि त्यालाही ते ऐकायची भीती वाटत होती, सगळं ठाऊक असून.

"मामा," वाल्मीक म्हणाला. मग परत म्हणाला, "मामा. तुम्ही नट जास्त आवळता. पाइप लावू नका."

लहानू पुढचं ऐकायला थांबला. पुढे काही नव्हतं. त्याला धक्का बसला तो याचा, की एवढंच होतं. त्याला राग आला नाही, अपमान वाटला नाही, घर कोसळलं नाही. बाहेर रस्त्यावरून ट्रक जात होते.

"बरं," तो म्हणाला. "न्हाय लावत."

कलावती उजव्या हातानं खुर्चीचा दांडा धरून उठली. "एवढंच बोलायचं होतं," ती म्हणाली. मग तिनं आईला पिशवी भरायला सांगितलं, आणि आपण कोनला आपल्या घरी जातोय, एसटीनं, एकटी, हेही सांगितलं.